आठवणींच्या वहीतले सोलापूर

आत्मचरित्र आम्ही कादंबरीसारखे वाचत नाही. कादंबरीत पुढे काय होणार याची ओढ असते. आत्मचरित्रात शेवट बहुधा ठाऊकच असतो. तरी पुस्तक खाली ठेववत नाही. इतिहासाच्या ग्रंथांनी ज्यांना एक ओळही दिली नाही, अशा गोष्टी तिथे सापडतात. चुलीवर काय शिजले, कोण कोणाशी बोलेनासे झाले, बापाच्या खिशात किती पैसे उरले होते.

ही आवड काही आजची नाही. बादशहा बाबराने चगताई तुर्कीत आपली हकीकत लिहिली, तीत लढायांच्या शेजारी बागा आणि खरबुजेही आहेत. १५८९ मध्ये अब्दुर्रहीम खानखानाने ती फारसीत आणली. अकबराच्या सांगण्यावरून बाबराची लेक गुलबदन बेगम हिनेही आठवणी लिहिल्या. दरबारी इतिहासकाराला जनानखान्यातले काय दिसणार? गुलबदनला दिसले. तिच्या पुस्तकाची एकच हस्तलिखित प्रत शिल्लक आहे आणि तीही मध्येच तुटते.

मराठीत मात्र मुसलमानाने लिहिलेले आत्मचरित्र शोधावे लागते. आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या एका साध्या मुसलमानाचे सर्वांत जिवंत चित्र आम्हाला भेटले ते एका दलित लेखकाच्या पुस्तकात. शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' १९८४ चे. गाव अक्कलकोट तालुक्यातले हन्नूर. त्यात लेखकाच्या आजीसोबत, संतामाईसोबत, राहणारा महमूद दस्तगीर जमादार आहे. स्टँडवरचा हमाल. रक्ताचे नाते नसताना त्याने या पोराला माया लावली. हा 'दादा' वाचताना हिंदू-मुस्लिम ऐक्यावरची शंभर भाषणे आम्हाला फिकी वाटली. पुस्तकाबद्दल पुष्कळ लिहिले गेले. दादाबद्दल मात्र आपल्या लोकांनी फारसे लिहिले नाही, याचे नवल वाटते.

त्याच वर्षी मल्लिका अमरशेख यांचे 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' आले. वडील अमरशेख बार्शीचे; गिरणी कामगार, लालबावटा कलापथकाचे शाहीर, संयुक्त महाराष्ट्राचा बुलंद आवाज. १९६९ मध्ये ते गेले. शाहिराच्या घरात वाढलेली ही मुलगी नामदेव ढसाळांशी झालेल्या लग्नाची जी कहाणी सांगते, ती सुखाची नाही. चळवळीतल्या पुरुषांना हे पुस्तक झोंबले असेल तर ते झोंबायलाच हवे होते.

मेहरुन्निसा दलवाईंचे 'मी भरून पावले आहे' वेगळ्या चालीचे. हमीद दलवाईंची मते कोणाला पटोत न पटोत, त्यांच्यामागे नोकरी करून घर ओढणारी, आणि १९७७ मध्ये मूत्रपिंडाच्या आजाराने ते जाईपर्यंत त्यांच्या उशाशी बसणारी ही बाई वाचकाला आपलीशी वाटते.

आता खुद्द सोलापूर शहर. मे १९३० मध्ये इथे मार्शल लॉ पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात चौघांना फाशी झाली. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. कुर्बान हुसेन मराठी 'गझनफर'चे संपादक. ऐन तारुण्यात फासावर गेलेला माणूस आठवणी कधी लिहिणार? त्याचे घर, त्याची बोली, त्याने अग्रलेख कसा लिहिला असेल, हे आम्हाला पुतळ्यापेक्षा जास्त हवे होते.

१९९० मध्ये पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन सोलापुरातच भरले. त्यानंतर कविता उदंड आली, कथाही आल्या. आत्मकथन मात्र अजून बिचकतच येते. एक अडचण भाषेचीही आहे. नानी-दादी बोलते दखनीत, नातू लिहितो मराठीत. गिरणीचा भोंगा वाजण्याआधी बांधलेला डबा, विड्यांची पाने कातरता कातरता सांगितलेली दास्तान, हे तिच्याच शब्दांत ठेवायचे की मराठीत वळवायचे? आमच्या मते तिचे बोलणे दखनीतच राहू द्यावे आणि भोवतीची मराठी नातवाने आपली लिहावी. वाचणाऱ्याला दोन्ही कळतात.