कुणीच नसलेला काउंटर

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, सरांना आता विषय सुचेनासे झाले. पण आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला हॉटेलच्या दारातही प्रश्न पडतात, त्याला इलाज नाही.

गेल्या वर्षी नातवाला भेटायला टोकियोला गेलो होतो. त्याची खोली एवढीशी, म्हणून त्यानं उएनो स्टेशनजवळच्या एका स्वस्त हॉटेलात माझी सोय केली. त्या दिवशी त्याची रात्रपाळी होती. साडेदहाला मी एकटाच पोचलो. आत काउंटरच नाही. भिंतीशी दोन यंत्रं उभी. यंत्र म्हणालं, बुकिंगचा नंबर टाका. मग, पासपोर्ट काचेवर ठेवा. मग, कॅमेऱ्याकडे बघा. दोनदा चुकलो, तिसऱ्यांदा कागद बाहेर आला. त्यावर खोलीचा नंबर आणि दार उघडायचे आकडे. बस्स. ‘या, बसा’ असं कुणी म्हटलं नाही. ‘कोण तुम्ही?’ हे मात्र तीन प्रकारे विचारून झालं.

त्या रात्री मी विचार करत होतो, की काउंटरमागचा माणूस इतकी शतकं नेमकं काय काम करत होता? इतिहास बघितला तर तो दोन कामं करत होता. एक स्वागताचं, दुसरं पहाऱ्याचं. आणि पहाऱ्याचं काम आपण समजतो त्यापेक्षा खूप जुनं आहे. १४व्या शतकातला प्रवासी इब्न बतूता चीनमधल्या मुक्कामाच्या जागांचं वर्णन करतो. संध्याकाळी अधिकारी लेखनिकाला घेऊन येतो, उतरलेल्या प्रत्येकाचं नाव लिहितो आणि दाराला कुलूप लावतो. सकाळी परत येऊन एकेकाला नावानं हाक मारून मोजतो.

आपल्याकडे इंग्रज सरकारनं १८६७मध्ये सराई कायदा केला. सराईची नोंदणी करा, विहिरी आणि खोल्या साफ ठेवा, पहारेकरी नेमा, कुणाला साथीचा आजार झाला तर पोलीस ठाण्यात कळवा, दराचा फलक लावा, अशी कर्तव्यं त्यात आहेत. रात्री कोण कोण उतरलं याचा अहवालही सरकार मागू शकत होतं. म्हणजे सराईवाला हा अर्धा यजमान आणि अर्धा सरकारी माणूस.

आता यंत्राकडे येऊ. १९७९मध्ये ओसाकात किशो कुरोकावा या वास्तुविशारदानं पहिलं कॅप्सूल हॉटेल उभं केलं. तिथं खोलीचीच पेटी झाली. १९८५च्या सुमारास फ्रान्समध्ये अ‍ॅकॉर कंपनीनं ‘फॉर्म्युल १’ ही स्वस्त हॉटेलं काढली. संडास-न्हाणीघर सामाईक, काउंटरवर माणूस ठरावीक तासच. एरवी दाराशी यंत्र, त्यात क्रेडिट कार्ड घाला आणि खोली घ्या. कारण सरळ आहे. रात्रभर एक माणूस जागा ठेवायचा तर त्याचा पगार खोलीच्या भाड्यात येतो. जपानमध्ये २०१८च्या कायदेबदलानंतर ओळख पटवण्याची यांत्रिक सोय असेल तर काउंटर नसलं तरी चालतं. पण नोंदवही सुटलेली नाही. परदेशी पाहुण्याच्या पासपोर्टची प्रत ठेवावीच लागते.

म्हणजे झालं काय? दोन कामांपैकी पहारा यंत्राकडे गेला आणि स्वागत मधल्या मध्ये गळालं. इथं माझ्या वयाचे श्रोते मान डोलावतील, म्हणतील, हेच तर आम्ही सांगतो, माणुसकी राहिली नाही. मीही त्या रात्री तेच म्हणत झोपलो. पण पहाटे जाग आली ती बडोद्याच्या आठवणीनं. माझ्या नव्हे, बाबासाहेबांच्या.

१९१७. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमेरिका आणि लंडनमध्ये शिकून बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू व्हायला आले. हिंदू हॉटेलात जागा मिळणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. ते एका पारशी सराईत गेले. ती फक्त पारशांसाठी. राखणदाराला उत्पन्न हवं होतं, पण वहीत पारशी नाव दाखवणं भाग होतं. तेव्हा त्यांनी पारशी नाव लिहून मुक्काम केला. अकराव्या दिवशी डझनभर माणसं काठ्या घेऊन दारात उभी राहिली. संध्याकाळपर्यंत जागा सोडा! त्यांनी आठवडाभराची मुदत मागितली, मिळाली नाही. दुसरीकडे आसरा मिळाला नाही. शेवटी कामाठी बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला परतले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लेखनात त्यांनी स्वतः हे सांगितलं आहे.

आता सांगा, त्या दिवशी दाराशी माझ्यासारखं यंत्र असतं तर? त्यानं नंबर मागितला असता, जात विचारली नसती. ‘या, बसा’ म्हणणारा माणूसच ‘तुम्ही नाही’ असंही म्हणत आला आहे. त्याच्या स्वागताला आपण माणुसकी म्हणतो, तेव्हा ती कुणाच्या वाट्याला आली हे विचारायला विसरतो.

पण म्हणून यंत्राला न्यायाधीशही करू नका. अतिथी शब्दाचा आपल्याकडचा परंपरागत अर्थ बघा. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो. यंत्राला तर पहिल्यांदा तिथीच हवी! बुकिंग हवं, कार्ड हवं, चालू असलेला फोन हवा. ज्याचा फोन चोरीला गेला, ज्याचं कुठल्या बँकेत खातंच नाही, त्याला यंत्र ‘नाही’ सुद्धा म्हणत नाही. त्याच्यापुढे पडदा नुसता पहिल्या प्रश्नावर थांबतो. हुज्जत घालायची तरी कुणाशी?

इमॅन्युएल कान्ट १७९५च्या शाश्वत शांततेवरच्या निबंधात म्हणतो, की परक्याचं आतिथ्य हा दयेचा नव्हे, हक्काचा विषय आहे. परक्या भूमीवर आलेल्याला शत्रूसारखं वागवलं जाऊ नये हा त्याचा हक्क. कान्टचं पटतं ते एवढ्यासाठी, की दया काउंटरवरच्या माणसाच्या मर्जीवर असते. हक्काला मर्जी लागत नाही. पण हक्क मागायला समोर कुणीतरी जबाबदार असावं लागतं.

दुसऱ्या रात्री माझ्या दाराचे आकडे चालेनात. साडेअकरा वाजलेले. खाली भिंतीवर एक फोन होता, तो उचलला. एका बाईंचा आवाज आला, मोडक्या इंग्रजीत. कुठून बोलत होत्या कोण जाणे. त्यांनी नवे आकडे दिले, दार उघडेपर्यंत फोन ठेवू नका म्हणाल्या, आणि मग विचारलं, तुम्ही ठीक आहात ना? नंतर कळलं, की तिथल्या नियमांप्रमाणे काउंटर नसेल तर अडचणीच्या वेळी कर्मचारी साधारण दहा मिनिटांत पोचू शकला पाहिजे.

मला वाटतं, आपल्या शहरांत अशी हॉटेलं वाढतील तेव्हा भांडायचं ते यंत्र हवं की नको यावर नाही. त्या भिंतीवर फोन आहे का, तो कुणी उचलतं का, आणि हातात मोबाइल नसलेल्यालाही खोली मिळते का, यावर भांडायचं.

थांबतो. प्रश्न असतील तर विचारा.