पंचरंगी सामन्यांतील ‘इतर’

नोकरीव्यवसायानिमित्त परदेशी गेलेला माणूस आपली भाषा आणि आपले खाणेपिणे यांच्याबरोबर आपला खेळही घेऊन जातो. हाँगकाँग, सिंगापूर, बँकॉक आदी शहरांत राहणारे ऑस्ट्रेलियन लोक आपल्या देशातील फुटबॉलच्या आशियाई स्पर्धा भरवतात. चेंडू अंडाकृती आणि तो पायाने मारण्याची व मुठीने टोलवण्याचीही मुभा, असा हा आगळा खेळ. आरंभी ही मंडळी आपसांतच खेळत. पुढे त्यांच्या संघांत स्थानिक तरुणही दिसू लागले. परदेशस्थांचा खेळ यजमान भूमीत रुजताना काय घडते, याचा बोधप्रद इतिहास आपल्या मुंबईत फार पूर्वी घडून गेला आहे, आणि त्यात मराठी ख्रिस्ती माणसालाही मानाचे स्थान आहे.

मुंबईतील इंग्रज व्यापारी, अधिकारी व सैनिक विरंगुळा म्हणून क्रिकेट खेळत. ते पाहून पारशी तरुण पुढे सरसावले व १८४८ साली त्यांनी ‘ओरिएंटल क्रिकेट क्लब’ स्थापन केला. १८७५ साली निघालेला बॉम्बे जिमखाना मात्र केवळ युरोपियनांसाठी होता. मोकळ्या मैदानावर गोऱ्यांच्या पोलोच्या घोड्यांनी खेळपट्ट्यांची नासधूस केली, तेव्हा पारशी खेळाडूंनी सरकारकडे अर्जविनंत्या केल्या. मैदान कोणाचे, हा प्रश्न असा प्रथमपासूनच उपस्थित झाला होता.

१८९२ पासून युरोपियन विरुद्ध पारशी हे वार्षिक सामने नियमित झाले. १९०७ मध्ये हिंदूंचा संघ आल्यावर ते तिरंगी झाले, तर १९१२ मध्ये मुसलमानांच्या प्रवेशाने चौरंगी. परदेशस्थांची ही स्पर्धा एतद्देशीयांची झाली खरी. परंतु तिच्यात प्रवेश मिळे तो जातिधर्माच्या नावानेच. हिंदी ख्रिस्ती, ज्यू आदी समाजांतील खेळाडू कितीही गुणी असला, तरी त्याला उतरण्यास संघच नव्हता.

ही उणीव १९३७ साली भरून निघाली. सामने पंचरंगी झाले व पाचव्या संघाला नाव मिळाले ‘द रेस्ट’, म्हणजे ‘इतर’! ज्यांची गणना अन्य कोठेही होत नव्हती, अशांची ही मोट होती. सांगलीच्या एका शाळामास्तरांचे चिरंजीव, प्रोटेस्टंट कुटुंबात १९१५ साली जन्मलेले विजय हजारे, हे या संघाचे भूषण ठरले. त्यांना क्लॅरी ग्रिमेट या ख्यातनाम ऑस्ट्रेलियन गोलंदाजाचे मार्गदर्शन लाभले होते.

१९४३ सालच्या स्पर्धेत हजारे यांनी मुसलमान संघाविरुद्ध २४८ धावांचा स्पर्धेतील उच्चांक केला. ब्रेबॉर्न स्टेडियमवरील अंतिम सामन्यात विजय मर्चंट यांनी नाबाद २५० धावा करून तो मोडला. हिंदूंच्या ५ बाद ५८१ धावांपुढे ‘इतर’ संघ १३३ धावांत गारद झाला. फॉलोऑननंतर मात्र हजारे पाय रोवून उभे राहिले. बंधू विवेक यांच्यासह त्यांनी ३०० धावांची भागी केली. तीत विवेक यांचा वाटा अवघा २१ धावांचा. संघाच्या एकूण ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या विजय हजारे यांच्या होत्या! संघ एक डाव व ६१ धावांनी हरला. परंतु विजेत्यांइतकीच त्या पराभूत वीराची कीर्ती झाली.

अशा सामन्यांना विरोधही वाढत होता. समाजासमाजांत तेढ असताना धर्मवार संघ असू नयेत, असे मत महात्मा गांधींनी १९४० सालीच व्यक्त केले होते. १९४५-४६ च्या हंगामानंतर पंचरंगी सामने बंद पडले. १९३४ साली सुरू झालेल्या रणजी करंडकात संघ प्रांतवार असत. तोच मार्ग पुढे प्रशस्त झाला.

पंचरंगीमुळे हजारे यांना मोठे व्यासपीठ लाभले, हे नाकारता येत नाही. परंतु त्यांचे कर्तृत्व त्या चौकटीत मावणारे नव्हते. महाराष्ट्रातर्फे रणजी सामन्यात बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा त्यांनी आधीच काढल्या होत्या. १९४८ मध्ये अ‍ॅडलेड येथे ब्रॅडमन यांच्या बलाढ्य ऑस्ट्रेलियन संघाविरुद्ध त्यांनी एकाच कसोटीत ११६ व १४५ अशी दोन शतके ठोकली. १९५२ साली मद्रास येथे भारताने इंग्लंडला नमवून पहिला कसोटी विजय मिळवला, तेव्हा कर्णधार हजारेच होते. एके काळी ‘इतर’ म्हणून गणला गेलेला खेळाडू आता सर्वांचा नायक झाला होता.

आपल्या धर्मग्रामांतूनही क्रीडास्पर्धा भरतात. अल्पसंख्य समाजाला आपले म्हणता येईल असे अंगण हवेच. त्यातून मुलांना धीटपणा येतो. परंतु त्या अंगणाचे फाटक बंद ठेवल्यास त्याचा कोंडवाडा होतो. शिरपूर जैनसारख्या गावी नाना धर्मांची व पंथांची माणसे शेजारी राहतात. तेथे स्पर्धा भरवताना संघ नावांच्या चिठ्ठ्या टाकून पाडावेत, आडनावे पाहून नव्हे. म्हणजे कोणत्याही मुलाला ‘इतर’ या नावाने मैदानात उतरावे लागणार नाही.