प्रेमळ देव आणि अनंत नरक : नीळकंठशास्त्री गोरे यांचा पन्नास वर्षांचा वाद

१/ देव जर दयाळू पिता आहे, तर तो आपल्याच लेकरांना कधीही न संपणाऱ्या नरकात कसा ठेवतो? ख्रिस्ती धर्मशास्त्रातील हा सर्वांत अवघड प्रश्न एकोणिसाव्या शतकात एका मराठी पंडिताने आधी विरोधक म्हणून विचारला आणि पुढे ख्रिस्ती होऊन त्याचे उत्तरही स्वतःच लिहिले. त्या पंडिताची आणि त्या प्रश्नाची ही कथा.

२/ प्रथम नरकाच्या दोन कल्पना वेगळ्या करणे आवश्यक आहे. मराठी घरात मृत्यूनंतरच्या दिवसांत गरुडपुराण वाचले जाते. त्यातील यमयातना भयंकर आहेत, पण त्यांना शेवट आहे. पापाचे फळ भोगून संपले की जीव पुन्हा जन्म घेतो. भागवत पुराणात अठ्ठावीस नरकांची नावे येतात, तरीही त्यांपैकी एकही कोणाचा कायमचा मुक्काम नाही.

३/ परंपरेने मान्य केलेला ख्रिस्ती नरक याहून निराळा आहे. माणसाला जन्म एकच, न्याय एकदाच, आणि त्यानंतरचा निवाडा कायमचा. येथे पुनर्जन्माची दुसरी संधी नाही. म्हणून ख्रिस्ती नरकाविषयीचा खरा वाद यातनांच्या तीव्रतेचा नसून त्यांच्या अनंतत्वाचा आहे.

४/ मात्र ‘हिंदू नरक तात्पुरता, ख्रिस्ती नरक शाश्वत’ अशी सरळ वाटणी करणेही बरोबर नाही. तेराव्या शतकातील मध्वाचार्यांच्या द्वैतमतात काही जीव स्वभावतःच ‘तमोयोग्य’ मानले आहेत. त्यांना अखेर अंधतमस प्राप्त होते आणि तेथून सुटका नाही. उलट ख्रिस्ती धर्मात तिसऱ्या शतकातील ओरिजेन याने अखेरीस सर्व जीव देवाकडे परततील अशी आशा मांडली होती. चर्चने पुढे ते मत त्याज्य ठरवले.

५/ आता १८३९ साल. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील स्कॉटिश अधिकारी आणि संस्कृतज्ञ जॉन म्यूर यांनी ‘मतपरीक्षा’ हा संस्कृत पद्यग्रंथ प्रसिद्ध केला. गुरुशिष्य संवादाच्या रूपात, पंडितांच्याच भाषेत, ख्रिस्ती धर्म हाच खरा असे त्यात प्रतिपादन होते. धर्मप्रसाराची पत्रके पंडित दुर्लक्षू शकत होते. संस्कृत ग्रंथाला मात्र संस्कृतातच उत्तर देणे भाग होते.

६/ पहिले उत्तर त्याच वर्षी एका मराठी माणसाने दिले. भोपाळजवळच्या सिहोर येथील ज्योतिषी सुबाजी बापू यांनी ‘सोमनाथ’ या नावाने ‘मतपरीक्षाशिक्षा’ लिहिली. हे गृहस्थ जुन्या वळणाचे हट्टी शास्त्री नव्हते. कोपर्निकसचे सूर्यकेंद्री मत मांडणारा मराठी ग्रंथ त्यांनी १८३६ मध्येच लिहिला होता.

७/ सुबाजी बापूंचा सूर समन्वयाचा होता. अधिकारभेदानुसार देवानेच वेगवेगळ्या लोकांसाठी वेगवेगळे मार्ग नेमले आहेत, तेव्हा प्रत्येकाने आपल्या मार्गाने जावे, असे त्यांचे म्हणणे. हे मान्य केले की केवळ परधर्मात जन्मल्यामुळे कोणी नरकात जाण्याचा प्रश्नच उरत नाही.

८/ सर्वांत धारदार उत्तर मात्र काशीहून आले. १८२५ मध्ये जन्मलेले नीळकंठशास्त्री गोरे हे काशीत स्थायिक झालेल्या कोकणस्थ ब्राह्मण घराण्यातील. वयाच्या विशीत, १८४४-४५ च्या सुमारास, त्यांनी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा संस्कृत ग्रंथ रचला. ख्रिस्ती मताचा गाभा त्यांनी अचूक हेरला होता : देव न्यायी आहे आणि देव दयाळू आहे. त्यांनी घाव नेमका तेथेच घातला.

९/ युक्तिवादाचा आशय असा. पूर्वजन्म मानला की जन्मतः दिसणाऱ्या सुखदुःखाच्या विषमतेचे कारण पूर्वकर्मात सापडते. ख्रिस्ती मतात पूर्वजन्म नाही, जीव देवच नव्याने निर्माण करतो. मग तान्हे मूल आणि मुके जनावर कोणत्या अपराधाचे दुःख भोगते? पुढे कोणते जीव नरकात जाणार हे ठाऊक असूनही देव त्यांना निर्माण करत असेल, तर त्याला दयाळू कसे म्हणावे? आणि मर्यादित आयुष्यातील मर्यादित पापाला अमर्याद शिक्षा हा न्याय कसा?

१०/ नंतर जे घडले ते काशीला हादरवणारे होते. मिशनरी विल्यम स्मिथ यांच्याशी वाद घालता घालता गोऱ्यांनी बायबल बारकाईने वाचले. येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. १४ मार्च १८४८ रोजी जौनपूर येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि नीळकंठाचे नेहेम्या झाले. घरदार आणि जातगोत एका दिवसात परके झाले.

११/ धर्म बदलला तरी प्रश्न मिटला नाही, फक्त बाजू पालटली. १८६७ मध्ये मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला, बंगालमध्ये ब्राह्मो समाज जोरात होता. ही मंडळी एकच निराकार, प्रेमळ ईश्वर मानत. अनंत नरक मात्र त्यांना सर्वस्वी अमान्य. शिक्षा ही पापी माणसाला सुधारण्यासाठी असते आणि खरा पश्चात्ताप पुरेसा असतो, ही त्यांची भूमिका. विशीतल्या गोऱ्यांचा आक्षेप आता चाळिशी ओलांडलेल्या गोऱ्यांपुढे येऊन उभा राहिला.

१२/ गोऱ्यांनी माघार घेतली नाही. १८६०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी शाश्वत शिक्षेच्या सिद्धांतावरील आक्षेपांना उत्तरे लिहिली आणि १८७५ मध्ये मुंबई-पुण्यात या एकेश्वरवाद्यांपुढे व्याख्याने दिली. त्यांच्या मांडणीचा रोख असा : शिक्षा म्हणजे केवळ औषध असे म्हटले की पाप हा फक्त आजार ठरतो, अपराध उरत नाही. परमपवित्र ईश्वराविरुद्ध केलेल्या पापाचे माप पापी माणसाच्या तराजूने काढता येत नाही.

१३/ या उत्तराची ताकद आणि दुबळेपणा दोन्ही लक्षात घेण्यासारखे आहेत. अन्यायाने चिरडलेल्या माणसाला ‘पाप म्हणजे आजार’ हे ऐकवणे क्रूर वाटेल. त्याला देवाच्या दरबारी न्याय हवा असतो. तेथे गोऱ्यांचे म्हणणे पटते. पण ‘देवाचा न्याय मानवी बुद्धीने मोजू नये’ हाच नियम लावला, तर तरुण गोऱ्यांनी म्यूर यांच्याविरुद्ध केलेला सारा युक्तिवादही बाद होतो, आणि कोणत्याही धर्माची परीक्षा करणेच अशक्य ठरते.

१४/ त्याच काळात खुद्द इंग्लंडमध्ये हा वाद पेटला होता. १८५३ मध्ये एफ. डी. मॉरिस यांना ‘शाश्वत’ या शब्दाचा अर्थ ‘काळात न संपणारे’ असा नाही, असे मांडल्याबद्दल लंडनच्या किंग्ज कॉलेजातील प्राध्यापकपद गमवावे लागले. १८६४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला की दुष्टांना अखेर क्षमा मिळेल अशी आशा बाळगणे हा अँग्लिकन पाद्र्यासाठी कायद्याने गुन्हा नाही. या निकालाविरुद्ध सुमारे ११ हजार पाद्र्यांनी जाहीरनाम्यावर सह्या केल्या.

१५/ त्या खटल्यातील दोन आरोपींपैकी एक होते रोलंड विल्यम्स. हिंदू विद्वानांना ख्रिस्ती धर्म समजावणाऱ्या ग्रंथासाठी म्यूर यांनी केंब्रिजमध्ये बक्षीस ठेवले होते. ते मिळवणारे हेच विल्यम्स! खुद्द म्यूरही उत्तरायुष्यात उदारमतवादाकडे झुकले. ‘मतपरीक्षे’चा कर्ता कट्टरपणापासून दूर गेला आणि तिचा टीकाकार परंपरानिष्ठ चर्चचा धर्मगुरू झाला.

१६/ या वादाचा आणखी एक धागा मुंबई-नाशिकला जोडलेला आहे. १८७७ च्या अखेरीस लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबीत फ्रेडरिक फॅरर यांनी अनंत यातनांच्या प्रचलित कल्पनेवर कठोर प्रहार करणारी प्रवचने दिली. १८७८ मध्ये ती पुस्तकरूपाने आली आणि खळबळ उडाली. फॅरर यांचा जन्म १८३१ मध्ये मुंबईचा. त्यांचे आईवडील नाशिकच्या आरंभीच्या मिशन कार्यातले. त्यांना उत्तर देणारा ग्रंथ १८८० मध्ये ऑक्सफर्डच्या प्युसी यांनी लिहिला. गोऱ्यांची वैचारिक जवळीक याच प्युसींच्या पंथाशी होती.

१७/ १८७८ हे साल वऱ्हाडात दुसऱ्याच कारणाने लक्षात राहिले आहे. परंपरेनुसार त्या वर्षीच्या २३ फेब्रुवारीला गजानन महाराज शेगावात प्रकटले, उष्ट्या पत्रावळीतील शिते वेचून खाताना. वऱ्हाडी भाविकांच्या मनातील कृपा ही अशी होती. पुढे १८९९-१९०० च्या दुष्काळात याच खामगाव-अकोला भागात अमेरिकन मिशनने अनाथ मुलांना आधार दिला. त्या मिशनच्या धर्ममतानुसार ख्रिस्ताविना मेलेला माणूस कायमचा गमावला जात असे. उपाशी मुलाला जवळ घेणारे प्रेम आणि त्याच्या मृत आईबापांविषयीचा तो निवाडा एकाच श्रद्धेत एकत्र नांदत होते.

१८/ गोऱ्यांच्या लेखनाचा आणि पत्रांचा पंडिता रमाबाईंच्या मनावर मोठा परिणाम झाला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पण त्यांनी गोऱ्यांची सगळी मते उचलली नाहीत. विशिष्ट सिद्धांत न मानणाऱ्याचा कायमचा नाश होईल असे बजावणारे अॅथनेशियन मतपत्र त्यांना मान्य नव्हते. देव आणि आपली सदसद्विवेकबुद्धी यांच्यामध्ये कोणा बिशपने येऊ नये, ही त्यांची ठाम भूमिका होती.

१९/ मराठी सुधारकांची पुढची पिढी आणखी पुढे गेली. १९०१ ते १९०३ या काळात विठ्ठल रामजी शिंदे ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिकले. ती संस्था युनिटेरियन विचारांची, म्हणजे अनंत नरकाचा सिद्धांत केव्हाच मागे टाकलेली. प्रार्थना समाजाला ख्रिस्ती जगात समविचारी सापडले ते तेथे.

२०/ विसाव्या शतकात मुख्य प्रवाहातील चर्चचीही भाषा बदलली. सी. एस. लुईस यांनी नरकाकडे माणसाने स्वतः निवडलेली अवस्था म्हणून पाहिले, ज्याचे दार आतून बंद आहे. १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सांगितले की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्त कळला नाही, पण जे मनापासून देवाचा शोध घेतात, त्यांचेही तारण होऊ शकते. ‘ज्यांनी नावच ऐकले नाही त्यांचे काय?’ हा पंडितांचा जुना आक्षेप येथे आदराने मान्य झाला. मात्र नरकाचा सिद्धांत चर्चने सोडलेला नाही.

२१/ स्वेच्छेचे हे उत्तर आज सर्वाधिक प्रचलित आहे : प्रेम सक्तीने होत नाही, म्हणून नाकारण्याचे स्वातंत्र्यही खरे असले पाहिजे. तरीही गोऱ्यांच्या विशीतल्या ग्रंथातील एक प्रश्न त्याने पुरता सुटत नाही. शेवट आधीच ठाऊक असलेल्या देवाने तो जीव निर्माण तरी का केला?

२२/ २९ ऑक्टोबर १८९५ रोजी नेहेम्या नीळकंठ गोरे मुंबईत वारले. त्यांनी दोन्ही बाजूंनी लिहिले आणि दोन्ही वेळा त्याची किंमत मोजली. काशीतल्या सग्यासोयऱ्यांना ते धर्मभ्रष्ट वाटले, सुधारकांना कर्मठ. धर्मांतराच्या इतिहासात ‘कोण कोठे गेला’ एवढेच बहुधा नोंदले जाते. तो जाताना कोणता प्रश्न सोबत घेऊन गेला, हेही पाहिले तर एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्र अधिक नीट दिसतो.