स्टाउरहेड

इंग्लंडमधील विल्टशर परगण्यातील ऐतिहासिक हवेली व उद्यान. होर या लंडनच्या पेढीवाल्या घराण्यासाठी कोलेन कॅम्बेलने १७२० च्या दशकात हवेलीचा आराखडा केला. तथापि स्टाउरहेडचे खरे वैभव बागेत आहे. दुसऱ्या हेन्री होरने दरीत बांध घालून तलाव निर्माण केला आणि काठाने पँथिऑन, अपोलो मंदिर, कृत्रिम गुहा उभारली. प्रत्येक वळणावर नवे दृश्य उलगडावे, ही त्याची योजना पुढे चित्रपटांच्या चित्रीकरणास विलक्षण पोषक ठरली. स्टॅन्ली कुब्रिकच्या ‘बॅरी लिंडन’मध्ये (१९७५) ही बाग दिसते. जो राइटच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये (२००५) डार्सी भर पावसात एलिझाबेथला मागणी घालतो, ते अपोलो मंदिरात. मूळ कादंबरीत हा प्रसंग घरात घडतो, परंतु पडद्यावर स्थळबदलाने त्याची धग वाढली आहे. १९४६ मध्ये ही मालमत्ता नॅशनल ट्रस्ट या वारसा-संवर्धन संस्थेकडे आली.