कर्जतच्या नोंदी : जिल्हाबदल आणि शोधसूची
महाभूलेख या संकेतस्थळावर सातबाऱ्याचे पान आधीपासून सिद्ध नसते; जिल्हा, तालुका, गाव व गट क्रमांक दिल्यावर ते मूळ नोंदींतून त्या क्षणी रचले जाते. अशा स्थळाची शोधसूची म्हणूनच पानांवरून नव्हे, तर नोंदींवरूनच करावी लागते. जुन्या अभिलेखांसाठी तेवढ्यानेही भागत नाही. १८८२ च्या गॅझेटिअरात कर्जत हे खालापूर पेट्यासह ठाणे जिल्ह्याच्या खंडात आढळते. १८९१ साली ते कुलाबा जिल्ह्यात आले आणि १९८१ मध्ये कुलाब्याचे नाव रायगड झाले. शिवाय अहिल्यानगर जिल्ह्यात दुसरे कर्जत आहेच. तेव्हा सूचीकाराने प्रत्येक स्थळनामाशी त्याचा जिल्हा व काळ जोडला पाहिजे. अन्यथा दप्तर सुरक्षित असूनही अभ्यासकाच्या लेखी ते नष्टच होय.