एस्टोनियन भाषा: ओळख आणि इतिहास

आज आपण एस्टोनियन भाषेची ओळख करून घेऊ. एस्टोनिया युरोपात असला, तरी त्याची भाषा इंडो-युरोपीय कुळातली नाही. फिनिश तिची जवळची नातेवाईक, हंगेरियन दूरची. आपल्या तो-ती-ते भेदाची तिला गरजच पडत नाही; 'तो' आणि 'ती' दोघांना शब्द एकच, 'तेमा'. विभक्ती मात्र १४! भविष्यकाळाचे वेगळे क्रियारूप नाही. उच्चारात ऱ्हस्व, दीर्घ आणि अतिदीर्घ अशा तीन पायऱ्या आहेत. 'लिन्ना' दीर्घ म्हटले तर 'शहराचे'. अतिदीर्घ म्हटले तर 'शहरात जातो' यातले 'शहरात'. लिहिताना दोन्ही सारखेच.

आता प्रश्न असा, की ही भाषा टिकली कशी? शतकानुशतके तिथले जमीनदार जर्मनभाषक होते, आणि एस्टोनियन ही शेतकऱ्यांची बोली समजली जाई. तार्तूचे विद्यापीठ १६३२ चे. पण तिथे एस्टोनियनमधून शिकवणे सुरू झाले १९१९ मध्ये, देश स्वतंत्र झाल्यावर. शब्द अपुरे पडले तेव्हा योहानेस आविक यांनी ते चक्क घडवले. गुन्ह्यासाठीचा 'रोइम' हा शब्द त्यांचाच. पुढे सोव्हिएत काळात रशियनचा दाब वाढला. तरी १८ जानेवारी १९८९ रोजी, सोव्हिएत संघात असतानाच, एस्टोनियनला राजभाषा मानणारा भाषा कायदा संमत झाला.

ही भाषा बोलणारे आज साधारण ११ लाख. म्हणजे तिला संख्येने तारले नाही. वर्ग, कायदा, शास्त्र या सगळ्यांत तिच्या लोकांनी ती वापरायचे ठरवले, म्हणून ती उभी राहिली. मराठीच्या भवितव्याची चर्चा करताना आपण एवढे ध्यानात ठेवू या.