डागाची रेघ कशी होते?

परीक्षेच्या अर्जांची धांदल चालू असताना आमच्या शाळेच्या कार्यालयातील प्रिंटर बिघडला. छपाई ठीक होती, पण वरच्या ट्रेमधून कागद घालून स्कॅन केला, की प्रत्येक पानावर वरपासून खालपर्यंत एक बारीक काळी रेघ येई. मूळ कागद स्वच्छ होता. दुरुस्तीसाठी आलेल्या गृहस्थांनी ‘स्कॅनर गेला, आता नवीनच घ्या’ असे सांगून टाकले.

नवे यंत्र घेणे आम्हाला परवडणारे नव्हते. म्हणून आम्ही एक साधा प्रयोग केला. तोच कागद झाकण उघडून मोठ्या काचेवर ठेवला आणि स्कॅन केला. रेघ नाही! मग नीट पाहिले. मोठ्या काचेच्या कडेला बोटभर रुंदीची एक वेगळी काच असते. ट्रेमधला कागद तिच्यावरून सरकत जातो. त्या काचेवर डिंकाचा वाळलेला ठिपका होता. अर्जांवर चिकटवलेल्या फोटोंचा तो प्रसाद. वीज बंद केली, मऊ कापड किंचित ओले करून ठिपका पुसला आणि रेघ नाहीशी झाली.

पैसे वाचले, पण प्रश्न उरला. मोहरीहून लहान ठिपक्याची पानभर रेघ कशी झाली? याचे उत्तर शोधताना आम्ही सुमारे १८० वर्षे मागे गेलो.

तारायंत्राच्या तारेतून एका वेळी एकच गोष्ट कळवता येते : वीजप्रवाह आहे किंवा नाही. मग पानभर पसरलेले चित्र तिच्यातून कसे पाठवायचे? स्कॉटलंडचे घड्याळजी अलेक्झांडर बेन यांनी १८४३ साली घेतलेल्या पेटंटमध्ये याची युक्ती आहे. चित्राच्या ओळी पाडायच्या आणि एकेक ओळ क्रमाने तपासायची. यालाच आपण क्रमवीक्षण म्हणतो. लंबकाला जोडलेली धातूची सुई प्रत्येक झोक्याला एक ओळ तपासते. धातूच्या अक्षराला ती टेकली, की तारेतून प्रवाह वाहतो आणि पलीकडच्या रसायन लावलेल्या कागदावर खूण उमटते.

अडचण एकच, पण मोठी. दोन्हीकडचे लंबक अगदी बरोबरीने हलले पाहिजेत. एक जरासा मागे पडला, तर प्रत्येक ओळ थोडी सरकते आणि उभे अक्षर तिरपे होते.

१८४८ मध्ये इंग्लंडच्या फ्रेडरिक बेकवेल यांनी लंबकाऐवजी फिरते नळकांडे वापरले. धातूच्या पातळ पत्र्यावर वीज न वाहणाऱ्या शाईने मजकूर लिहायचा, तो पत्रा नळकांड्यावर गुंडाळायचा आणि त्यावरून सुई फिरवायची. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात हे यंत्र लोकांनी पाहिले. पुढे इटलीच्या जोव्हानी कासेली यांच्या यंत्रावर १८६५ साली पॅरिस आणि लिआँ या शहरांमध्ये सार्वजनिक सेवा सुरू झाली. सह्यांची नक्कल पाठवण्यासाठी तिचा उपयोग होई. सही थोडी जरी वाकडी उमटली, तरी तिच्यावर विश्वास कोण ठेवणार? म्हणूनच कासेलींनी सुमारे दोन मीटर उंचीचे लंबक घड्याळांच्या नियंत्रणाखाली ठेवले होते.

ही सारी यंत्रे चाचपून वाचणारी होती. यंत्राला डोळा मिळाला, तो एका बिघाडाच्या शोधातून. समुद्राखालून टाकायच्या तारांची तपासणी करताना विलोबी स्मिथ हे सेलेनियमच्या कांड्या विद्युतरोध म्हणून वापरत. मोजमापे मात्र सारखी बदलत. कारण शोधता शोधता उमगले, की प्रकाश पडला म्हणजे सेलेनियमचा रोध कमी होतो. १८७३ मध्ये स्मिथ यांनी ही गोष्ट प्रसिद्ध केली. तिच्याच आधारे जर्मनीत आर्थर कॉर्न यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तारेवरून छायाचित्रे पाठवून दाखवली.

यानंतरचा मोठा टप्पा १९५७ सालचा. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत रसेल कर्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिरत्या नळकांड्यावरील छायाचित्र प्रथमच संगणकात उतरवले. चित्र होते कर्श यांच्या तान्ह्या मुलाचे. त्यात १७६ ओळी आणि प्रत्येक ओळीत १७६ ठिपके, म्हणजे एकूण ३०,९७६ ठिपके होते. आज ए-४ आकाराचे पान इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने स्कॅन केले, तर सुमारे ८७ लाख ठिपके होतात. १९६९ मध्ये विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी या प्रकाशग्राही घटकाची कल्पना मांडली आणि त्यानंतर हजारो ‘डोळे’ एका ओळीत बसवणे शक्य झाले. १९७६ मध्ये रे कुर्झवाइल यांनी अंधांसाठी पुस्तक वाचून दाखवणारे यंत्र बनवले, त्यातही सपाट काचेचा असा स्कॅनर होता.

आता आमच्या रेघेकडे वळू. मोठ्या काचेखाली डोळ्यांची ओळ सरकत जाते. काचेवरचा ठिपका तिला वाटेत एकदाच भेटतो, म्हणून चित्रातही तो ठिपकाच दिसतो. ट्रेमधून कागद जातो, तेव्हा डोळे स्थिर असतात आणि कागद सरकतो. ठिपक्यासमोरचा डोळा पानाच्या सुमारे साडेतीन हजार ओळींमध्ये तोच ठिपका पाहत राहतो. तीच आमची रेघ!

इतर बिघाडही असेच वाचता येतात. ट्रेमधून घातलेल्या पानावरची अक्षरे ताणलेली किंवा तिरपी आली, तर रबरी रूळ घसरत आहेत का ते पाहावे. बेन यांची जुनीच अडचण रूप बदलून आलेली असते. दोन्ही रीतींनी रेघ त्याच जागी येत असेल, तर दोष आत असण्याचा संभव जास्त. आत एक पांढरी पट्टी असते. तिच्याकडे पाहून प्रत्येक डोळा ‘पांढरे म्हणजे किती’ हे ठरवतो. तिच्यावर धूळ बसली, की तो हिशेब चुकतो. हे काम मात्र जाणकाराकडे द्यावे.

रेघ निदान दिसते तरी. २०१३ साली डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञांना वेगळाच दोष आढळला. घराच्या नकाशाच्या प्रतीत खोल्यांच्या क्षेत्रफळाचे आकडेच बदलले होते. स्मृतीत जागा वाचवण्यासाठी सारखे दिसणारे ठिपक्यांचे समूह एकच मानण्याची पद्धत त्या यंत्रात होती. त्यामुळे एका आकड्याच्या जागी दुसरा बसला, तोही अगदी स्वच्छ आणि ठसठशीत. कंपनीला पुढे सुधारित प्रणाली द्यावी लागली. गुणपत्रके स्कॅन करून मूळ कागद रद्दीत घालण्यापूर्वी हे ध्यानात ठेवायला हवे.

वर्गात हा इतिहास करून पाहता येतो. आलेखाच्या कागदावर ‘क’ काढा. एका मुलाने ओळीओळीने ‘काळा, पांढरा’ असे वाचावे, दुसऱ्याने न पाहता चौकोन भरावेत. मग वाचणाऱ्याने मुद्दाम प्रत्येक ओळीत आधीच्या ओळीपेक्षा एक चौकोन जास्त गाळावा. ‘क’ तिरपा होईल. शेवटी ‘प्रत्येक ओळीतला पाचवा चौकोन काळाच धरा’ अशी सूचना द्या आणि पानभर उभी रेघ का आली, हे मुलांनाच सांगू द्या.